कोशिएनची काळी माती

ऑगस्ट महिन्यात जपानमध्ये न्हाव्याच्या दुकानात, रामेनच्या हॉटेलात, इस्पितळाच्या प्रतीक्षालयात, कुठेही टीव्ही चालू असला तरी बहुधा एकच गोष्ट दिसते. शाळकरी पोरं बेसबॉल खेळत असतात. ती खेळतात ते मैदान ओसाका आणि कोबे यांच्या मधे, निशिनोमिया शहरात आहे. नाव हान्शिन कोशिएन स्टेडियम. १९२४ च्या मार्चमध्ये जुन्या नदीपात्राच्या जागेवर काम सुरू झालं आणि १ ऑगस्टला मैदान खुलंही झालं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी उन्हाळी शालेय स्पर्धा तिथेच भरते.

पुण्यात जपानी शिकत असताना मला बेसबॉलचा नाद लागला तो या स्पर्धेमुळेच. देशभरातले सुमारे साडेतीन हजार संघ आपापल्या प्रांतात खेळतात, त्यांतले ४९ कोशिएनला पोचतात. प्रांत ४७, पण तोक्यो आणि होक्काइदोला दोन-दोन जागा. सगळी स्पर्धा बाद पद्धतीची. एकदा हरलं की संपलं, आणि बारावीच्या मुलांचा तर शालेय बेसबॉल तिथे कायमचा संपतो. म्हणजे साडेतीन हजारांत न हरता घरी जाणारा संघ एकच. विजेत्यांबद्दल पुष्कळ वाचलं होतं. मला कोशिएनवर जाऊन हरणारी मुलं बघायची होती. त्यांना तिथे कसं वागवतात, हे बघायचं होतं.

१३ ऑगस्ट : वेलींची भिंत

माझा दादा नोकरीनिमित्त कोबेत राहतो. त्याच्या घरी सामान टाकलं, वहिनीच्या हातचा चहा घेतला आणि संध्याकाळी आम्ही दोघं हान्शिन रेल्वेने कोशिएन स्टेशनला उतरलो. ओबोनचे दिवस. पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा असलेला हा आठवडा, त्यामुळे सगळा जपान गावाकडे निघालेला. गाड्या भरून वाहत होत्या.

स्टेशनातून बाहेर आलं की पुढ्यातच स्टेडियम आहे. त्या दिवशीचे सामने संपलेले होते आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीचा शेवटचा लोंढा स्टेशनात शिरत होता. मी आधी भिंतीला हात लावला. या भिंतींवरची वेल मैदानाइतकीच जुनी होती. २००७ ते २०१० या काळात स्टेडियमची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा ती काढावी लागली. पण २००० सालीच या वेलीची रोपं देशभरातल्या शाळांना वाटलेली होती. त्यांतल्या कित्येक शाळांनी आपापल्या आवारात ती वाढवली होती, आणि दुरुस्तीनंतर त्या शाळांकडूनच वेल इथे परत आली. आज भिंतीवर जी हिरवाई आहे तिच्यातला काही भाग उत्तरेकडच्या होक्काइदोत वाढलेला असेल, काही दक्षिणेकडच्या क्यूशूत. इथवर कधीच न पोचलेल्या संघांच्या शाळेत वाढलेली पानंही त्यात असतील.

भिंतीच्या कडेने चालत गेलं की अमेरिकेचा गाजलेला बेसबॉलपटू बेब रूथ याच्या नावाचा फलक लागतो. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी संघाबरोबर तो इथे खेळून गेला. स्टेडियमला खेटूनच सुसानोओ देवाचं छोटं देऊळ आहे. तिथे टांगलेल्या लाकडी पाट्यांवर लोकांनी इच्छा लिहिलेल्या. हान्शिन टायगर्स जिंकू दे, अशा बऱ्याच. एका पाटीवर मात्र कुणा आईने लिहिलं होतं, "खांदा बरा होऊ दे. खेळायला मिळालं नाही तरी चालेल."

टायगर्स हा इथला व्यावसायिक संघ. पण ऑगस्टमध्ये मुलांसाठी त्यांना आपलं घरचं मैदान सोडून द्यावं लागतं. ते गावोगाव फिरत खेळतात, किंवा ओसाकातल्या छताच्या स्टेडियममध्ये. कोट्यवधी येनचे खेळाडू शाळकरी पोरांना जागा करून देतात, हे मला फार आवडतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यावहारिक. तिकिटं आता आधीच ऑनलाइन घ्यावी लागतात आणि सगळ्या जागा राखीव असतात. पूर्वी आउटफिल्डला, म्हणजे बॅटरपासून दूरच्या बाजूला, फुकट जाता यायचं, ते २०१८ पासून बंद झालं. तरीही सर्वांत स्वस्त जागा तीच. इनफिल्डच्या, म्हणजे बॅटरजवळच्या बाजूच्या, आसनांवर छप्पर आहे. लहान मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील तर पैसे वाचवू नका, छपराखालचीच जागा घ्या. ओसाकाच्या उमेदा स्टेशनहून जलद गाडीने पंधराएक मिनिटं लागतात, कोबेच्या सान्नोमियाहून थोडी जास्त.

१४ ऑगस्ट : आउटफिल्ड

पहिला सामना सकाळी आठला. वहिनीने पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. साडेसातला आम्ही उजव्या आउटफिल्डमध्ये बसलो तेव्हाच पाठ तापायला लागली होती. दमट हवा, मुंबईची आठवण यावी इतकी. समोर मात्र जे दिसत होतं त्याने मी पाच मिनिटं बोललेच नाही. आउटफिल्डला दाट हिरवळ आणि संपूर्ण इनफिल्ड काळंभोर. अमेरिकेतल्या मैदानांसारखी इथे इनफिल्डला हिरवळ नाही, नुसती माती. काळी माती आणि वाळू यांचं मिश्रण, आणि त्याचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. वसंतात पाऊस जास्त म्हणून वाळू जास्त. उन्हाळ्यात झगझगीत उजेडात पांढरा चेंडू दिसावा म्हणून काळी माती जास्त.

दोन्ही संघ धावत मधे आले, समोरासमोर ओळीत उभे राहिले, टोप्या काढून वाकले. मग भोंगा वाजला. लांब, चढत जाणारा. टीव्हीवर तो शेकडो वेळा ऐकला होता, पण तिथे तो छातीत घुसतो. भोंगा चालू असतानाच पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, पहिला चेंडू टाकला.

शाळांची नावं मी देत नाही, मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत. एक संघ मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या खासगी शाळेचा, दुसरा डोंगराळ भागातल्या सरकारी शाळेचा. सामन्यात नऊ इनिंग्ज, म्हणजे दोन्ही संघांच्या बॅटिंगच्या नऊ पाळ्या. दुसऱ्या इनिंगमध्ये दोन्ही शाळांची गीतं लाउडस्पीकरवर लागतात. डोंगरातल्या शाळेचं गीत लागलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेले आजोबा टोपी काढून उभे राहिले. मी विचारलं, "तुमची शाळा का?"

"छे, मी ओसाकाचा. पण इतक्या लांबून आलेत. त्यांच्या बाजूला कुणी नको का?"

आजोबा सत्तरी ओलांडलेले, हातात पेन्सिल आणि स्कोअरबुक. वडिलांचं बोट धरून पहिल्यांदा आले ते अजून येतात. त्यांनीच मला वाऱ्याचं गणित समजावलं. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि उजव्या आउटफिल्डकडून डावीकडे वाहतो. डावखुऱ्या बॅटरने उजवीकडे उंच मारलेला चेंडू तो मागे लोटतो. "झेंड्याकडे बघ, बॅटकडे नंतर," ते म्हणाले. तिसऱ्या इनिंगमध्ये शहरी शाळेच्या डावखुऱ्या मुलाने मारलेला चेंडू आमच्याच दिशेने आला. आम्ही सगळे उठलो, आणि कुंपणाच्या अलीकडे तो अलगद हातमोज्यात पडला.

बॅटचा आवाज बदललाय, हेही आजोबांनी सांगितलं. शालेय बेसबॉलमध्ये धातूच्या बॅट वापरतात. २०२४ पासून नव्या नियमाच्या बॅट आल्या, त्यांच्यावरून चेंडू पूर्वीइतक्या वेगाने उसळत नाही. पिचरला इजा होऊ नये हा एक हेतू. पूर्वीचा खणखणीत आवाज गेला, होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, कमी झाले. त्यामुळे आता बंट (चेंडू हलकेच थोपवून जवळच टाकणं), चोरलेला बेस (फटक्याची वाट न बघता धावपटूने पुढच्या टप्प्यावर पळणं), एकेक धाव जोडणं याला महत्त्व आलंय. मला हा खेळ जास्त आवडला. एक धाव मिळवायला चार मुलं झिजताना दिसतात.

पाचव्या इनिंगनंतर काही मिनिटं थांबतात. २०२३ पासून ही विश्रांती सुरू झाली, मुलं आत जाऊन अंग थंड करतात, पाणी पितात. स्पर्धेच्या सुरुवातीच्या काही दिवशी दुपारचं ऊन टाळून सकाळ-संध्याकाळ असे दोन भागही आता करतात. आजोबांना हे फारसं पटत नव्हतं. मला पटतं. १९९८ साली योकोहामा शाळेच्या दाइसुके मात्सुझाकाने पीएल गाकुएन शाळेविरुद्ध लांबलेल्या सामन्यात १७ इनिंग्ज पिचिंग केलं, २५० चेंडू टाकले, आणि दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात एकही हिट दिला नाही, म्हणजे कुणालाही फटका मारून बेसवर पोचू दिलं नाही. जपानमध्ये ती गोष्ट अजून भारावून सांगतात. मीही भारावून ऐकली आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाचा खांदा म्हणजे सार्वजनिक मालमत्ता नव्हे. आता आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आहे आणि ती आणखी कमी व्हायला हवी असं माझं मत आहे. आजोबांना तसं सांगितलं. ते पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "माझी नातही हेच म्हणते."

मधल्या वेळात कोशिएन करी खाल्ली. मैदान सुरू झालं तेव्हापासून इथे करी-भात मिळतो. दादाच्या मते सौम्य, माझ्या मते उन्हात तेवढीच बरी. त्यात मांस असतं, शाकाहारी लोकांनी स्टेशनजवळच्या दुकानातून उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री वनस्पती) घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन जावं. पण 'काचिवारी' मात्र घ्याच. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोडलेल्या बर्फाचे खडे आणि एक स्ट्रॉ, बस्स. आधी ती मानेवर ठेवायची, मग कपाळावर, आणि वितळेल तसं पाणी प्यायचं. १९५७ पासून विकतात. त्या दिवशी मी किती पिशव्या घेतल्या हे दादाने वहिनीला सांगायचं टाळलं.

नवव्या इनिंगमध्ये डोंगरातली शाळा एका धावेने मागे होती. दोन आउट, दुसऱ्या बेसवर धावपटू. बॅटरने जमिनीलगत मारला, शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) उचलून पहिल्या बेसकडे फेकला. बॅटर डोकं पुढे घालून मातीत झेपावला. अंपायरची मूठ वर गेली, म्हणजे बाद. भोंगा पुन्हा वाजला. तो मुलगा उठेचना. त्याला उठवायला पहिला आला तो समोरच्या संघाचा पहिल्या बेसवरचा मुलगा. त्याने त्याच्या छातीवरची माती झटकली.

जिंकलेल्या शाळेचं गीत झालं. हरलेला संघ तोवर उभा राहून ऐकत होता. नंतर ती मुलं धावत आपल्या प्रेक्षकांपुढे गेली, ओळीने वाकली, आणि डगआउटपुढे, म्हणजे आपल्या बसायच्या जागेपुढे, गुडघ्यांवर बसून आठवण म्हणून दोन्ही हातांनी माती गोळा करू लागली. बुटांच्या पिशव्यांमध्ये, ओंजळी-ओंजळीने. आमच्या आउटफिल्डमधून टाळ्या सुरू झाल्या त्या शेवटचा मुलगा आत जाईपर्यंत थांबल्या नाहीत. विजेत्यांना इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

१५ ऑगस्ट : आल्प्स आणि दुपारचे बारा

आज इनफिल्डच्या अगदी टोकाची, आल्प्स स्टँडला लागून असलेली जागा होती. इनफिल्ड आणि आउटफिल्ड यांच्या मधले हे उंच, उतरते स्टँड १९२९ साली बांधले. पांढऱ्या शर्टांच्या गर्दीने भरले की बर्फाच्या डोंगरासारखे दिसत, म्हणून आल्प्स. इथे शाळा बसतात. बँड, मुलं-मुली, शिक्षक, पालक, गावातले दुकानदार.

आणि संघात जागा न मिळालेले खेळाडूही. बेंचवर २० जणांनाच परवानगी असते, २०२२ पर्यंत तर १८. मोठ्या शाळांच्या बेसबॉल क्लबात शंभरावर मुलं असतात. बाकीची सगळी गणवेश घालून आल्प्समध्ये उभी राहतात, हातात प्लॅस्टिकचे कर्णे, आणि सामना संपेपर्यंत ओरडतात. प्रत्येक बॅटरसाठी वेगळी धून, वेगळी आरोळी. बँडमधल्या मुली उन्हाने वाद्यं तापू नयेत म्हणून त्यांच्यावर टॉवेल गुंडाळून वाजवत होत्या. आपली बॅटिंग संपली की बँड थांबतो, कारण समोरच्यांची पाळी असते. कुणी कुणाच्या आवाजावर आवाज चढवत नाही.

बर्फाच्या रांगेत माझ्यापुढे शाळेचा टी-शर्ट घातलेल्या एक बाई होत्या. भारतातून आले म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. त्यांचा मुलगा बारावीत, बेंचवर नाही. "तो ढोल वाजवतोय," त्यांनी बोट दाखवलं. "तीन वर्षं रोज पहाटे साडेचारला डबा केला. जूनमध्ये नावं जाहीर झाली तेव्हा घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नेहमीच्या वेळी सरावाला गेला. पिचरला सरावासाठी चेंडू मारून देणारं कुणीतरी लागतं ना." मी काय बोलणार? मी त्यांना वहिनीने दिलेली एक दशमी दिली. त्यांनी ती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली आणि कृती विचारली.

मी दादरची. शाळेत असताना शिवाजी पार्कवर आणि आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचे सामने पाहिलेत. १९८८ साली सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली तीही आझाद मैदानावर, याच स्पर्धेत. पण आपल्याकडे त्या सामन्यांना शाळेतली पोरं कितीशी असायची? चार पालक, एखादा प्रशिक्षक, झाडाखाली दोन जुने क्रिकेटपटू. एकशेवीसपेक्षा जास्त वर्षांची स्पर्धा आहे ती. मुंबईच्या शाळांनी एका उपांत्य सामन्याला तरी अख्खी शाळा बँडसह आणून बघावी, असं त्या रांगेत उभं असताना मनापासून वाटलं.

बाराला काही मिनिटं असताना खेळ थांबला. निवेदिकेने सर्वांना उभं राहायची विनंती केली. १५ ऑगस्ट १९४५ ला दुपारी बारा वाजता जपानच्या शरणागतीची घोषणा रेडिओवरून झाली होती, म्हणून दरवर्षी या वेळी इथे मौन पाळतात. खेळाडू आपापल्या जागी टोप्या काढून उभे. भोंगा वाजला, आणि हजारो माणसं मिनिटभर स्तब्ध.

युद्धात या मैदानाचंही नुकसान झालं. १९४३ साली स्टँडवरचं लोखंडी छप्पर उतरवून लष्कराला दिलं गेलं. १९४१ ची स्पर्धा अर्धवट राहिली, ती पुन्हा भरली १९४६ मध्ये. कोशिएनवर खेळलेली कितीतरी मुलं परत आली नाहीत. त्यांतला एक एइजी सावामुरा. शाळकरी पिचर म्हणून इथे गाजला, सतरा वर्षांचा असताना त्याने बेब रूथ आणि लू गेहरिगसह चार अमेरिकी फलंदाजांना एकापाठोपाठ स्ट्राइकआउट, म्हणजे फटका मारू न देताच बाद, केलं. १९४४ च्या डिसेंबरमध्ये त्याचं लष्करी जहाज बुडालं. वय २७.

जपानमध्ये बारा म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. मी डोळे मिटले तेव्हा घरी शाळाशाळांतून झेंडावंदन चालू असणार, मुलं इस्त्रीचे कपडे घालून ओळीत उभी असणार. दादा माझ्या शेजारी होता. मौन संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "आई आत्ता सोसायटीत लाडू वाटत असेल."

खेळ पुन्हा सुरू झाला. ढोल वाजवणाऱ्या मुलाची शाळा दोन धावांनी जिंकली. गीत गाताना आल्प्समध्ये तो सर्वांत मोठ्याने गात होता, आणि त्याची आई गातच नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती.

१६ ऑगस्ट : पाऊस आणि संग्रहालय

सकाळी ढग होते, दुसऱ्या सामन्याच्या चौथ्या इनिंगला पाऊस कोसळला. खेळ थांबला. मला हा पाऊस हवाच होता, कारण कोशिएनचे माळी बघायचे होते. हान्शिन एन्गेई नावाची संस्था हे मैदान राखते आणि तिच्या कामाला जपानी प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पाऊस ओसरताच माणसं पळत आली. स्पंजांनी डबकी टिपली, बादल्या भरल्या, ओल्या जागी कोरडी माती पसरली, मग दाताळी फिरवली. कुणी कुणाला हुकूम देताना दिसत नव्हतं. ज्या मैदानावर मला दिवसभर खेळ होणार नाही असं वाटत होतं, तिथे तासाभरात पिचर पुन्हा उभा होता. काही मिनिटांपूर्वी तिथे तळं होतं हे सांगूनही पटलं नसतं.

संध्याकाळी कोशिएनचं संग्रहालय पाहिलं. व्यावसायिक खेळाचा विभाग आम्ही भरभर संपवला. शालेय विभागात मात्र दोन तास गेले. जुने हातमोजे, घामाने पिवळ्या पडलेल्या टोप्या, हाताने शिवलेले झेंडे.

मातीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५८ साली दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरून पहिल्यांदा एक शाळा कोशिएनला आली, शुरी हायस्कूल. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, मुलं पासपोर्ट घेऊन आली. पहिल्याच सामन्यात हरली, माती गोळा केली आणि बोटीने परत निघाली. नाहा बंदरात पोचल्यावर वनस्पती-विलगीकरणाच्या कायद्याखाली ती माती परदेशी ठरली आणि समुद्रात टाकून द्यावी लागली. ही बातमी वाचून जपान एअरलाइन्समधल्या हवाई सुंदरींनी कोशिएनमधले छोटे दगड गोळा करून शाळेला पाठवले. माती चालत नाही, दगडाला कायद्याची हरकत नव्हती. ते दगड आज शुरी हायस्कूलच्या आवारातल्या एका स्मारकात बसवलेले आहेत. ओकिनावा १९७२ मध्ये जपानकडे परत आलं. १९९९ साली, मार्चमध्ये याच मैदानावर भरणाऱ्या वसंत स्पर्धेत ओकिनावा शोगाकू ही तिथली शाळा जिंकली, २०१० साली तिथल्याच कोनान शाळेने वसंत आणि उन्हाळी अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या.

मी माती आणली नाही. ती खेळलेल्यांची आहे, प्रेक्षकाने मागू नये असं मला वाटतं. दुकानातून एक चेंडू घेतला, वहिनीच्या भाचीसाठी.

जायचा विचार असेल तर आणखी थोडं. ओबोनच्या आठवड्यात हॉटेलं महाग असतात, कोबे किंवा आमागासाकीकडे बघा, ओसाकापेक्षा स्वस्त पडतं. पावसाने सामने पुढे ढकलले जातात, तेव्हा परतीच्या विमानाआधी एखादा दिवस मोकळा ठेवा. उपांत्यपूर्व फेरीचा दिवस मिळाला तर तोच निवडा, एकाच दिवसात चार चांगले सामने होतात. काचेच्या बाटल्या आणि कॅन आत नेऊ देत नाहीत. छत्री उघडून बसणं मागच्यांना त्रासाचं, त्यापेक्षा रुंद टोपी आणि ओला पंचा. ऊन सोसवतच नसेल तर मार्चअखेरीस याच मैदानावर वसंत स्पर्धा भरते. तिला प्रांतातल्या पात्रता फेऱ्या नसतात, शरद ऋतूतल्या कामगिरीवरून संघ निवडून बोलावतात. थंडी असते, जाकीट लागतं, आणि तिकिटं उन्हाळ्यापेक्षा सहज मिळतात. आम्ही तिघांनी पुढच्या मार्चचं ठरवलंय. वहिनी दशम्यांऐवजी या वेळी तिळाच्या पोळ्या करणार आहे.